चालेल ना?

भाद्रपद तोंडावर आला की वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये जास्वंदीला भाव येतो. कळ्या पहाटे, उमलायच्या आत खुडायच्या, मोजून केळीच्या पानात बांधायच्या, वरून ओलं फडकं टाकायचं आणि लोकल पकडून दादरचा फुलबाजार गाठायचा. गिरिज, नंदाखाल, वाघोली, भुईगाव या गावांत कळ्या खुडणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात रविवारी मिस्सेला क्रूसाची खूण करणारे असतात. मुंबईतल्या गणपतींच्या पायांवर पडणारी कितीतरी लाल फुलं परेरा, लोपीस, डाबरे, तुस्कानो यांच्या वाडीतून गेलेली असतात. ती विकण्याआधी कुणी फादरना विचारून आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. फुलं चालतात, केळीची पानं चालतात, पैसे तर चालतातच. अडतं ते संध्याकाळी, शेजारच्या घरातून मुलांना आरतीचं बोलावणं येतं तेव्हा.

आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून चार मजली सोसायटी उभी राहिली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पहिल्या मजल्यावर गिरगावातली चाळीतली खोली विकून आलेलं, मूळचं चिपळूणकडचं कुटुंब आहे. त्यांचा गणपती दीड दिवसाचा. त्यांचा मुलगा आणि आमचा धाकटा एका वर्गात, एका बाकावर, आणि गणितात एकसारख्याच चुका करणारे. त्यामुळे बोलावणं कुंपणावरूनच येतं, "काकू, पाठवा हो त्याला, मोदक निवतायत!" घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागतात. धाकटा तोवर चपला शोधत असतो.

माझा मेहुणा याच पॅरिशमधला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. भाविक आणि सरळ माणूस. कुणाच्याही अंत्यविधीला पहिला हजर, आजाऱ्याला रक्त द्यायला पहिला. पण एकदा रिट्रीटला जाऊन आला आणि त्याला मूळ विचारायची सवय जडली. रांगोळीचं मूळ काय? दांडियाचं मूळ काय? शाळेत सूर्यनमस्कार घालतात त्याचं मूळ काय? प्रत्येक गोष्टीचं मूळ कुठल्या ना कुठल्या अन्य देवाच्या दारात निघतं, आणि मग मेहुणा खिन्न होऊन चहा मागतो. त्याचा बायबलचा अभ्यास दांडगा आहे, पानोपानी तीन रंगांच्या खुणा आहेत. मोदकाच्या प्रश्नावर त्यानं पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र काढलं, आठवा अध्याय. करिंथ शहरात हाच घोळ होता. बाजारात येणारं मांस बऱ्याचदा देवळात वाहिलेलं असायचं, आणि नवख्रिस्ती मंडळी अडून बसली होती की खावं की न खावं. पौलाचं म्हणणं साधारण असं, की मूर्ती म्हणजे काही नव्हेच, अन्नानं माणूस देवाजवळ जात नाही की लांब जात नाही. पण ज्याचं मन अजून कच्चं आहे, तो आपल्याला पाहून अडखळणार असेल तर आपण सोडून द्यावं.

"बघा," मेहुणा म्हणाला.

बायकोनं त्याच पत्राचा दहावा अध्याय उघडला. तिचे वडील प्राथमिक शिक्षक होते. पुढचं पान उलटून बघायची खोड तिला त्यांच्याकडून मिळाली आहे. तिथं पौल म्हणतो, कुणी परधर्मी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पानात वाढलेलं कसलीही चौकशी न करता खा. मेहुण्यानं लगेच त्याच्या पुढच्या वचनावर बोट ठेवलं. पण हे वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर मात्र खाऊ नका. आता आली का पंचाईत! शेजारच्या वहिनी इतक्या मोकळ्या स्वभावाच्या, की ताट पुढे करतानाच म्हणतात, "घे रे, नैवेद्याचाच आहे!" शेवटी बायकोनं धाकट्याला बजावलं, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोदक तोंडात गेला पाहिजे. पौलाचा एवढा काटेकोर अर्थ कुण्या पंडितानं लावला असेल असं मला वाटत नाही.

मूळ शोधून उपटायचा उद्योग या किनाऱ्याला नवा नाही. १५३४ साली वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली आणि त्यांच्यामागोमाग मिशनरी आले. वाडवळ आणि सामवेदी घरांतली कितीतरी माणसं ख्रिस्ती झाली. धर्म बदलला, पण ताटवाटी, नातीगोती, लुगडं, मांडव, शिव्या आणि ओव्या जिथल्या तिथं राहिल्या. गोव्यातल्या इन्क्विझिशनला हे राहिलेलं फार टोचायचं. १७३६ च्या एप्रिलमध्ये तिनं एक लांबलचक फर्मान काढलं. लग्नात हळद लावायची नाही, ओव्या म्हणायच्या नाहीत, अंगणात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही. आणि माझं सर्वांत आवडतं कलम म्हणजे हिंदू लोक शिजवतात तसा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. साहेबांच्या डोळ्यांपुढे काय असेल कोण जाणे. गावोगावच्या चुलींवरच्या भाताची चव घेत फिरणारे शिपाई? तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि फर्मान काढणाऱ्यांचा अंमलच या भागातून उठला. जाताना मराठ्यांनी इथल्या चर्चांच्या घंटा नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या अजून आहेत. देवदर्शनाला आलेला माणूस हात उंचावून टोल देतो आणि पुढे होतो. घंटेला तिचं मूळ विचारत थांबला, तर मागची रांग त्याला तिथंच सोलून काढेल.

हळद तर फर्मानाला पुरून उरली. मेहुण्याच्याच लग्नाच्या अल्बममध्ये आदल्या रात्रीचा एक फोटो आहे. मांडवात पाटावर बसलेला मेहुणा, कानाच्या पाळ्यांपर्यंत पिवळा, आणि मागं लाल लुगड्यातल्या पाच-सहा बायका गाणी म्हणतायत. अल्बम आमच्याच कपाटात असतो. वाद फार तापला की माझी बायको काही बोलत नाही, तो काढून टेबलावर ठेवते.

आणि मूळ शोधायला निघालेला माणूस शेवटी नाताळापाशी येऊन ठेचकाळतोच. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत कुठंच नाही. २५ डिसेंबरचा लेखी उल्लेख सापडतो तो ३५४ सालच्या रोमन पंचांगवजा संग्रहात. रोमी लोकांचा डिसेंबरातला सॅटर्नेलिया, ऑरेलियन बादशहाचा अजिंक्य सूर्य, यांच्याशी या तारखेचा किती संबंध यावर विद्वान अजून भांडतायत, ते भांडोत. झाड आलं जर्मनांकडून. सतराव्या शतकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळींनी तर नाताळ हा सण मुळातच पाखंडी ठरवून टाकला. १६५९ पासून तो साजरा करताना जो सापडेल त्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तो कायदा २२ वर्षं टिकला. दंड घेणारे आणि देणारे दोघेही ख्रिस्तीच, हे विशेष. असला कायदा वसईत लागू झाला असता, तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुराव्याला घराबाहेर पडायचीही गरज नव्हती, नाकच पुरे. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, कलकल. सोसायटीतल्या नवीन भाडेकरूंनी पहिल्या वर्षी जिन्यातून विचारलं होतं, "तुमच्यात दिवाळी उशिरा असते का?"

या सगळ्यात मला पोप पहिला ग्रेगरी फार जवळचा वाटतो. ६०१ साली त्यानं इंग्लंडला गेलेल्या आपल्या धर्मप्रचारकांसाठी एक पत्र धाडलं होतं. तिथल्या लोकांची देवळं पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि त्याच वास्तूत प्रार्थना सुरू करा. लोकांना सणाला गुरं कापून जेवणावळी घालायची सवय आहे, ती मोडू नका. चर्चभोवती मांडव घालू द्या, जेवू द्या, फक्त आभार खऱ्या देवाचे मानू द्या. मन एकदम बदलत नाही, पायरी पायरीनं चढतं, हे त्यानं ओळखलं होतं. हे पत्र मी मेहुण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ते पोप होते, त्यांना कळत होतं. आपल्याला कळतं का? हा मुद्दा तसा बिनतोड होता.

माझे वडील आंब्याची कलमं बांधायचे. खाली रायवळचं रोप, वर हापूसची काडी. रायवळ चिवट असतो, मुळं घट्ट धरतो, आणि फळ काडीचं येतं. बाजारात कुणी पाटी उलटवून खालचं खोड कशाचं म्हणून विचारत नाही. योगायोग असा, की पौलानंही रोमकरांना लिहिताना कलमाचाच दाखला दिलाय, पण उलटा. जंगली ऑलिव्हची फांदी बागेतल्या ऑलिव्हवर बांधली, असं तो म्हणतो. वडिलांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विळी खाली ठेवली आणि म्हणाले, "या माणसाला वाडी नव्हती." नंतर मी बघितलं, तर हे निसर्गाच्या उलट आहे असं पौलानं स्वतःच तिथं लिहून ठेवलंय. वडिलांना ते सांगायचं राहून गेलं.

म्हणून सगळंच सरसकट चालतं, असं मात्र आमच्या घरात नाही. माझ्या आईचा, म्हणजे मुलांच्या आजीचा नियम साधा आहे. दुसऱ्याच्या घरी चपला बाहेर काढायच्या, वाढलेलं खायचं, मोठ्यांना नमस्कार करायचा, त्यांच्या देवासमोर मस्ती करायची नाही. आरतीचं ताट हातात घ्यायचं नाही, ते त्यांच्या घरच्या मुलांनी घ्यावं. मागणं मागायचं ते घरी येऊन, रोझरीला बसल्यावर. टाळ्यांचं काय, असं धाकट्यानं विचारलं होतं, कारण आरती चालू असताना हात नुसते लोंबत ठेवणं हे त्या वयात अशक्य असतं. आजीनं थोडा विचार करून टाळ्यांना परवानगी दिली. झांजा नाहीत. टाळ्या आणि झांजा यांच्यामधून धर्माची नेमकी कुठली रेघ जाते हे मला आजवर उमगलेलं नाही, पण आमच्या घरात ती तिथून जाते आणि कुणी ओलांडत नाही.

होळीचं प्रकरण जास्त अवघड. होळी बहुतेक उपवासकाळातच येते. एक पौर्णिमा त्यांची, आणि ईस्टरही आमच्याकडे पौर्णिमा बघूनच ठरतो. पुरणपोळीची अडचण नाही, उपवासकाळात वर्ज्य ते मांस. पुरणात काय मांस असतं? पण २०२४ साली दोन्ही पंचांगांनी मिळून आमची परीक्षाच घेतली. २४ मार्चला सकाळी झावळ्यांचा रविवार आणि त्याच संध्याकाळी होळी. सकाळी मुलं हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीत होसान्ना म्हणत चर्चला गेली. घरी येऊन त्याच झावळ्यांच्या पट्ट्यांचे क्रूस विणले. दरवाजामागे गेल्या वर्षीचा क्रूस वाळून काडी झाला होता, तो उतरवून नवा लावला. जुन्या झावळ्यांची राख करतात आणि तीच पुढच्या राखेच्या बुधवारी कपाळाला लागते, हे मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेलं असतं. शिकवण्याचा परिणाम होतो हे त्या दिवशी कळलं. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात लाकडं रचली, शेजारच्या पोरानं हाक मारली आणि आमचा धाकटा गेल्या वर्षीचा तो वाळका क्रूस घेऊन तिकडे धावला. आजीनं त्याला फाटकात गाठलं.

"कुठं चाललास?"

"जाळायचाच असतो ना? फादरपण जाळतात. इकडे आयतीच आग आहे."

आजीनं क्रूस काढून घेतला, पदराला पुसला, आणि त्याला समजावू लागली. समजावता समजावता दोनदा थांबली. आग तीच, लाकूड तेच, झावळी तर वाडीतलीच. मग तिनं समजावणं सोडून डोळे वटारले. हा उपाय सर्व धर्मांत चालतो.

दुसऱ्या दिवशी धुळवड म्हणजे आमचा पवित्र आठवड्याचा सोमवार. त्या दिवशी मुलांना रंग खेळायला पाठवलं नाही, आणि यात मूळबीळ काही नव्हतं. मी कुंपणापाशी जाऊन वहिनींना सांगितलं, शुक्रवारपर्यंत आमच्याकडे दुःखाचे दिवस आहेत, गाणंबजावणं नसतं. त्या लगेच म्हणाल्या, "सुतकासारखं का?" मी म्हटलं, तसंच. त्यांनी मुलाला आत बोलावलं आणि पिचकारी आमच्या बाजूला उडवायची नाही असा दम भरला. एवढं समजायला त्यांना कुठलं पत्र, कुठला अध्याय लागला नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी उरलेला रंग मुलांनी वापरून टाकला, तेव्हा सगळ्या वसईत रंगलेली पोरं एवढी दोनच असतील.

मेहुण्यानं हा विषय एकदा थेट पॅरिशच्या फादरांकडे नेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली इतर धर्मांविषयी जाहीरनामा काढला, त्यांच्यात जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं त्यात म्हटलंय, दरवर्षी दिवाळीला व्हॅटिकनमधून हिंदूंना शुभेच्छांचा संदेशही येतो, हे सारं फादर सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. विचारलं एवढंच, "तुमचा मुलगा दिसत नाही हल्ली रविवारी?" मेहुण्याच्या मुलाचं क्रिकेटचं कोचिंग रविवारी सकाळी असतं. मेहुणा म्हणाला, बॅच बदलून मागतो. मला विचाराल तर मुलांना चर्चपासून तोडण्यात मोदकाचा वाटा नगण्य आहे. कोचिंग, क्लास आणि मोबाइल यांचं मूळ कुणी शोधत नाही, कारण त्यांची फी भरलेली असते.

हाच मेहुणा ३१ डिसेंबरला गल्लीतल्या पोरांना घेऊन म्हातारा करतो, ते कौतुकानं सांगायला हवं. जुनी पँट, जुना शर्ट, आत गवत आणि पेंढा, पोटात फटाके, तोंडात बिडी. दोन दिवस पोरं त्या म्हाताऱ्याला खुर्चीत घालून दारोदार वर्गणी मागतात, आणि मध्यरात्री सरत्या वर्षाला अग्नी देतात. मी पेटत्या म्हाताऱ्यासमोर उभा राहून मेहुण्याला हळूच विचारलं, "याचं मूळ?" तो ज्वाळांकडे बघत म्हणाला, "ही आपली परंपरा आहे." आणि मागं सरक म्हणाला, पोटातला सुतळी बॉम्ब अजून उडायचाय.

गेल्या आषाढीला शाळेत दिंडी होती. शाळा कॉन्व्हेंट, पण दिंडी दरवर्षी निघते आणि पुढे टाळ घेऊन सिस्टरच चालतात. आमचा धाकटा वारकरी झाला. धोतर-बंडी भाड्यानं आणली, खांद्यावर टाकायला घोंगडी शेजारच्यांनी दिली, त्यांच्या गावाकडची, जड आणि टोचरी. नाताळात तीच घोंगडी पुन्हा आली, पण या खेपेला तिच्याबरोबर तिचा मालकही आला. गावातली मुलं दरवर्षी गोठ्यासमोर येशूजन्माची नाटिका करतात. त्यात एक मेंढपाळ कमी पडत होता, आणि शेजारच्या पोराला काहीही करून मेंढपाळ व्हायचं होतं.

त्यांच्या घरात त्यावर बैठक बसली. कुंपण पातळ असल्यामुळे मला ती ऐकू आली. ऐकायची नव्हती असं नाही. आजी म्हणत होत्या, तिकडे जाऊन गुडघे टेकेल, मग काय? एक काका डोंबिवलीहून आले होते, ते म्हणत होते, या सगळ्याचं मूळ काय ते आधी बघायला हवं. मला एकदम भरून आलं. त्यांची आणि माझ्या मेहुण्याची गाठ घालून द्यावी, दोघांचा जन्म सुखाचा जाईल.

संध्याकाळी वहिनी कुंपणापाशी आल्या. "भाऊजी, तो मेंढपाळ होईल, पण गुडघे न टेकता. सासूबाईंचं तेवढंच म्हणणं आहे. चालेल ना?"

नाटिका बसवणारी मुलगी कॉलेजात जाणारी, हुशार. तिनं क्षणभर विचार करून सांगितलं, सगळे मेंढपाळ बेथलेहेमला गेले तर मेंढरं कोण राखणार? एक जण मागं थांबलाच असणार. तेव्हा तो बाजूला उभा राहील, हातात काठी घेऊन, मेंढरांसोबत. शुभवर्तमानात अशा मेंढपाळाचा उल्लेख नाही, पण लूकनं सगळंच कुठं लिहिलंय? आजी तयार झाल्या. इतक्या तयार झाल्या की नाटिका बघायला स्वतः आल्या आणि आमच्या आईशेजारी दुसऱ्या रांगेत बसल्या. आजी कडक उपास करणाऱ्या, म्हणून माझ्या बायकोनं त्यांच्यापुरता बिनअंड्याचा केक वेगळा ठेवला होता, त्याचीही त्यांनी खात्री करून घेतली.

मेंढरं म्हणजे बालवाडीतली तीन पोरं, अंगाला कापूस चिकटवलेली. देवदूत आले, गाणं झालं, बाकीचे मेंढपाळ गव्हाणीकडे गेले. आणि मेंढरांना गव्हाणीतली चमचमती चांदणी दिसली. एक निघालं, त्याच्यामागे दुसरं. राखणदार दोन क्षण काठी धरून उभा राहिला, मग कर्तव्याला जागून त्यांच्यामागे गेला. सगळ्यांत धाकटं मेंढरू थेट गव्हाणीखाली शिरलं आणि बाळयेशूच्या पायाशी फतकल मारून बसलं, बाहेर येईना. तेव्हा त्याला ओढायला शेजारच्या पोरानं काठी टाकली, आणि दोन्ही गुडघे टेकून, दोन्ही हात पुढे करून गव्हाणीखाली वाकला. चर्चच्या आवारात एकदम शांतता पसरली. मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी सासूबाईंकडे बघितलं.

आजी जागेवरून उठून ओरडल्या, "अरे, घोंगडी सावर! दिव्याच्या वायरीत अडकलीय!"